बिलात न आलेलं गिऱ्हाईक

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मिठाई-फरसाणाची चार दुकानं : सांगलीत दोन, मिरजेत एक, तासगावात एक. माल एकाच कारखान्यात बनतो. तीन वर्षांपासून बिलिंग संगणकावर आहे, आणि पुतण्याने त्यावर रंगीत डॅशबोर्डही केला आहे. तरी वडिलांचा अंदाज एक सांगतो आणि आकडे दुसरंच. रोज सकाळी कालची विक्री बघून चारही दुकानांना फोन जातात. सध्या अडलेले निर्णय चार. तासगावात ढोकळ्याची विक्री सारखी घसरतेय, तो बंद करावा का? श्रीखंड २०२४-२५ मध्ये आदल्या वर्षाच्या दीडपट गेलं, तर मोठं यंत्र घ्यावं का? व्हॉट्सअ‍ॅपवरचं कूपन वापरणारी गिऱ्हाइकं इतरांच्या दुप्पट माल घेतात, तर कूपन वाढवावं का? आणि पाचवं दुकान काढावं का?

दुकानांच्या विक्रीचे आकडे वाचायचं काम मी बावीस वर्षं करतोय. आधी एका किराणा साखळीच्या खरेदी विभागात, नंतर स्वतंत्रपणे. बहुतेक ठिकाणी अडचण डेटा कमी असण्याची नसते. अडचण अशी असते, की संगणकातला आकडा म्हणजे गिऱ्हाइकाचं मन असं मालक धरून चालतो. प्रत्यक्षात त्या आकड्यात गिऱ्हाइकाइतकाच आपला स्वतःचा हात असतो. किती माल पाठवला, कूपन कोणाला धाडलं, वर्ष कुठून कुठे मोजलं, वजन कोणी लिहिलं हे सगळं त्यात मुरलेलं असतं. तुमच्या चारही प्रश्नांत हेच झालंय. सगळ्यात जास्त पैसा ढोकळ्यात अडकलाय, म्हणून तिथून सुरू करतो.

तासगावला रोज किती ढोकळा पाठवायचा हे कसं ठरतं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "गेल्या आठ आठवड्यांच्या विक्रीची सरासरी." वरवर शहाणपणाचं वाटतं. पण बघा काय होतं. सोमवारी २० किलो पाठवले, मागणी २५ ची होती, बिल झालं २० चं. मंगळवारी २० पाठवले, मागणी १६, बिल १६ चं. मागणीची सरासरी साडेवीस, बिलांची १८. आता १८ पाठवायचे. मग जोराच्या दिवशी १८ च्या वर बिल जाऊच शकत नाही आणि मंदीच्या दिवशी ते खाली येतं, म्हणजे पुढची सरासरी १८ च्याही खाली. पाठवलेल्यापेक्षा जास्त विकणं कोणालाच शक्य नसल्यामुळे ही सरासरी फक्त उतरू शकते. दोन वर्षं हे चाललं तर डॅशबोर्डवर सुंदर घसरती रेघ दिसणार, आणि तासगावकरांना ढोकळा आवडेनासा झाला असं आपण म्हणणार. ढोकळा तुम्हीच दोन वर्षं थोडा थोडा बंद करत आलाय.

हे खरं आहे का ते तपासायला नवीन सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक बिलावर वेळ आहे. ढोकळ्याचं दिवसातलं शेवटचं बिल किती वाजता झालं, एवढा एक रकाना पुतण्याला काढायला सांगा. दुकान साडेनऊला बंद होतं आणि शेवटचा ढोकळा पावणेसातला गेला, असं आठवड्यातून चार दिवस दिसत असेल तर ती मंदी नाही, रिकामं ताट आहे. एकच काळजी घ्या : त्या दिवशी रात्री माल उरला होता का, हे बाजूला ताडून पाहा. उरला असेल तर खरोखरच गिऱ्हाईक नव्हतं.

मग न झालेली विक्री मोजता येते. ज्या दिवशी माल रात्रीपर्यंत पुरला ते दिवस वेगळे काढा. त्या दिवसांत पावणेसातपर्यंत किती टक्के माल गेला होता? समजा, ७०. आता ज्या दिवशी पावणेसातलाच १४ किलो संपले, त्या दिवशीची खरी मागणी २० किलोच्या आसपास होती. हा अंदाजच आहे, पण बिलातल्या १४ पेक्षा सत्याच्या जवळचा.

पुढचा प्रश्न : मग २० किलो पाठवायचे का? इथे सरासरी पुन्हा फसवते, कारण माल कमी पडण्याचं नुकसान आणि उरण्याचं नुकसान सारखं नसतं. समजा ढोकळा २४० रुपये किलो, आणि पीठ, तेल, गॅस, खोका मिळून खर्च ९०. (आचाऱ्याचा पगार आणि दुकानाचं भाडं यात धरू नका, ढोकळा उरला काय नि संपला काय, ते तेवढंच जातं.) एक किलो कमी पडला तर १५० चा फायदा बुडतो, एक किलो उरला तर ९० बुडतात. १५० ला दोन्ही नुकसानांच्या बेरजेने, म्हणजे २४० ने भागा : साडेबासष्ट टक्के. ३० दिवसांपैकी तेवढे, म्हणजे सुमारे १९ दिवस माल पुरायला हवा. गेल्या ३० दिवसांची सुधारलेली मागणी चढत्या क्रमाने मांडा आणि खालून १९ वा आकडा घ्या. तेवढा माल पाठवा.

आता तेच गणित खव्याच्या एखाद्या नाजूक मिठाईला लावा. समजा भाव ६४०, खर्च ४५०, दुसऱ्या दिवशी टाकूनच द्यावी लागते. कमी पडली तर १९० बुडतात, उरली तर ४५०. १९० भागिले ६४०, म्हणजे तीसच्या जरा खाली. ३० दिवसांतला खालून ९ वा आकडा. अर्थ असा, की ही मिठाई दहातल्या सात दिवशी संपलेलीच बरी आणि ढोकळा मात्र दहात चारपेक्षा जास्त वेळा संपता कामा नये. बहुतेक दुकानांत मी नेमकं उलटं पाहिलंय. महाग मिठाई कमी पडली की मालक अस्वस्थ होतो म्हणून ताटं भरलेली, आणि ढोकळा-समोसा "स्वस्तातला माल" म्हणून हात राखून पाठवलेला.

हे गणित जुनं आहे. शिळा पेपर रद्दीत जातो म्हणून ते वर्तमानपत्रवाल्याच्या उदाहरणाने शिकवतात. दुकानात लावताना त्यात दोन दुरुस्त्या करा. उरलेला माल सकाळी अर्ध्या भावात जात असेल तर उरण्याचं नुकसान तेवढं कमी धरा. आणि ढोकळा घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परतताना जिलबीही नेत नसेल, तर कमी पडण्याचं नुकसान वाढवा. हे दुसरं बिलांतून कळतं : ढोकळ्याच्या किती बिलांवर सोबत दुसरं काही आहे ते बघा.

म्हणजे ढोकळा बंद करू नका. सहा आठवडे या हिशोबाने पाठवा आणि मग बोला.

श्रीखंडाचं दीडपट तर मला बघताक्षणीच खटकलं. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. आता एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष लावा. २०२३-२४ मध्ये एकही पाडवा आला नाही. २०२४-२५ मध्ये दोन आले.

समजा साध्या वर्षात तुमचं १०० क्विंटल श्रीखंड जातं आणि त्यातलं २० पाडव्याच्या चार दिवसांत. मग बिनपाडव्याच्या वर्षी ८०, दोन पाडव्यांच्या वर्षी १२०. बरोब्बर दीडपट. एकही नवीन गिऱ्हाईक न येता. तुमचे खरे आकडे थोडे वेगळे असतील, पण यंत्राचं कर्ज काढण्याआधी हे वजा करून बघा. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आणि २०२७ चा ७ एप्रिलला आहे, म्हणजे २०२६-२७ हे पुन्हा बिनपाडव्याचं वर्ष. आज यंत्र घेतलंत तर त्या वर्षी विक्री कोसळलेली दिसेल, आणि तेव्हा दोष कोणाच्या माथी मारायचा यावरून घरात वाद होईल.

सीए चुकलेले नाहीत. त्यांचं वर्ष कर भरण्यासाठी आहे, आपलं गिऱ्हाईक पंचांगाने चालतं. दिवाळीचं लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला बसले, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. "ऑगस्ट ते ऑगस्ट वाढ" अशी रेघ डॅशबोर्डवर असेल तर ती काढून टाका, मोदकाच्या बाबतीत तिला अर्थच नाही. अनारशांचं तर विचारू नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. जावयाच्या वाणासाठी तेहतीस-तेहतीस अनारसे गेले असतील. २०२४ आणि २०२५ च्या त्याच दिवसांत ती विक्री शोधून सापडणार नाही, आणि कोणी तरी म्हणेल की नव्या पिढीला अनारसे नकोत. त्यानंतरचा अधिक मास २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून.

उपाय साधा आहे. विक्रीच्या तक्त्यात तारखेशेजारी आणखी दोन रकाने घाला : तिथी किंवा सण, आणि स्थानिक कारण. दुसरा रकाना वडिलांकडून भरून घ्या. तासगावात बेदाण्याचे सौदे कोणत्या दिवशी जोरात असतात, लग्नाची तीथ कधी दाट आहे, कोणत्या गावची यात्रा आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि संगणकाला कधीच कळणार नाही. मी याहून पुढे जाऊन सांगतो. वडिलांनी रोज रात्री उद्याचा आकडा वहीत लिहावा, पुतण्याच्या गणिताचा आकडाही शेजारी लिहावा, आणि महिनाअखेर दोघांची चूक किलोमध्ये मोजावी. आतापर्यंत जिथे जिथे हे केलं तिथे साध्या दिवशी गणित जिंकलं आणि सणाच्या आदल्या दोन दिवशी म्हातारा माणूस. "अंदाज विरुद्ध डेटा" हे भांडण अशा वहीने महिन्याभरात मिटतं, कारण कोणत्या दिवशी कोणाचं ऐकायचं ते दिसायला लागतं.

सकाळच्या फोनांबद्दल थोडक्यात. काल विक्री आठ टक्क्यांनी पडली, का पडली? बहुतेक वेळा काहीच कारण नसतं. वॉल्टर शूहार्ट नावाच्या अभियंत्याने १९२४ मध्ये, टेलिफोनचे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी, रोजची स्वाभाविक वरखाली आणि खरा बिघाड वेगळा ओळखायची रीत बसवली. तिचं दुकानापुरतं रूप असं : गेल्या बारा मंगळवारांची विक्री घ्या. प्रत्येक मंगळवार आणि त्याच्या पुढचा मंगळवार यातला फरक काढा, अधिक-उणे सोडून. त्या फरकांची सरासरी काढून तिला २.६६ ने गुणा. मंगळवारच्या सरासरीत हा आकडा मिळवला की वरची हद्द, वजा केला की खालची. कालचा मंगळवार या दोन हद्दींच्या आत असेल तर फोन करू नका. मॅनेजरला रोज कारण विचारलं की तो रोज एक कारण शोधून ठेवतो. पाऊस, मॅच, समोरचा रस्ता खोदलाय. महिनाभराने तुम्ही त्या कारणांवर धोरण ठरवायला लागता.

आता कूपन. कूपन वापरणारी गिऱ्हाइकं दुप्पट घेतात, हे खरं असेल. पण कूपन कोण वापरतं? जो आधीपासून तुमचा आहे, ज्याने नंबर दिलाय, जो मेसेज उघडतो. तो तसाही दुप्पट घेत होता. ईबे कंपनीने २०१२ मध्ये हे करून पाहिलं. लोक सर्च इंजिनावर "ईबे" असंच टाइप करायचे आणि वर दिसणाऱ्या ईबेच्या जाहिरातीवर टिचकी मारायचे, त्या टिचकीचे पैसे कंपनी मोजायची. काही सर्च इंजिनांवर त्यांनी ती जाहिरात बंद केली. जवळजवळ सगळी माणसं जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावरून तशीच ईबेवर आली. ज्याला घरचा रस्ता माहीत आहे त्याला वाटाड्या देऊन आपण वाटाड्याचे पैसे भरत होतो, असं त्यांना कळलं.

तुम्हालाही करून बघता येईल आणि खर्च शून्य. मोबाइल नंबरचा शेवटचा अंक सम असेल त्यांना दोन महिने कूपन पाठवा, विषम असेल त्यांना नाही. मग सम गटातल्या सगळ्यांची खरेदी आणि विषम गटातल्या सगळ्यांची खरेदी माणशी काढून ताडा. सगळ्यांची, म्हणजे ज्यांनी कूपन वापरलंच नाही त्यांचीही. फक्त वापरणाऱ्यांची काढलीत तर पुन्हा त्याच खड्ड्यात. आणि फायद्याचा हिशोब आधी मांडून ठेवा : शंभर रुपयांच्या मालावर ३० सुटत असतील आणि १० टक्के सूट दिली तर २० सुटतात. तेवढाच नफा टिकवायला माल दीडपट जावा लागेल. हे झालं सगळ्यांनी कूपन वापरलं तर; थोड्यांनीच वापरलं तर सूट वजा जाता सम गटातला माणशी नफा विषम गटापेक्षा जास्त आहे का ते बघा. नसेल तर कूपन म्हणजे आपल्याच जुन्या गिऱ्हाइकाला दिलेली बक्षिसी. द्यायला हरकत नाही, पण मग तिला जाहिरातखर्च म्हणू नये. जाता जाता : बिल करताना नंबर घेता तेव्हा कशासाठी घेतो ते सांगून, विचारून घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दुकानदारालाही आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पाठवलेल्या फायलीत दिसली. रोजच्या उरलेल्या मालाची नोंद. ५ किलो, १० किलो, ५ किलो, १५ किलो. तराजूवर ठेवलेला माल असा गोल आकड्यांत येत नसतो. हे डोळ्यांनी पाहून लिहिलंय, आणि ढोकळ्याचं वरचं सगळं गणित या रकान्यावर उभं आहे.

इथे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात देशातल्या पिकाचं उत्पन्न मोजायला शेतातला लहानसा तुकडा आखायचा, तेवढंच कापून तोलायचं आणि त्यावरून एकरी उतारा काढायचा अशी पद्धत होती. तुकडा किती मोठा घ्यावा यावर त्यांचा थेट महालनोबिसांशी, म्हणजे भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या संस्थापकांशी, वाद झाला. सुखात्म्यांनी प्रयोगांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न जास्त भरतं. कारण काठावरचं रोप. ते आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तो लबाड नसतो. पण लहान तुकड्याला आकाराच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूक जास्त. आणि महत्त्वाचं म्हणजे, असे हजार तुकडे घेतले तरी चूक कमी होत नाही, कारण ती सगळी एकाच बाजूला झुकलेली असते. "आमच्याकडे तीन वर्षांचा डेटा आहे" असं कोणी अभिमानाने म्हटलं की मला हे काठावरचं रोप आठवतं.

तुमच्या दुकानात काठावरचं रोप म्हणजे संध्याकाळी नोकराने खाल्लेला, शेजाऱ्याला दिलेला, चुरा झालेला माल. ज्याला उरलेल्या मालाबद्दल बोलणी बसतात त्यानेच तो लिहायचा असेल, तर आकडा कमीच येणार. तराजूच्या काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायला लावा, आणि पहिले दोन महिने आकड्यावरून कोणालाही एक शब्द बोलू नका.

आकड्याला बोलणी किंवा बक्षीस चिकटवलं की आकडाच बदलतो, हे मी हात पोळून शिकलो. एका साखळीत मी सुचवलं होतं की काउंटरवरच्या मुलांना बिलांच्या संख्येवर बोनस द्यावा, म्हणजे गर्दी पटापट उरकेल. महिन्यात बिलं तिसऱ्या हिश्शाने वाढली, मालक खूश, मीही खूश. मग एके दिवशी दुकानात उभा होतो तर एका आजींच्या हातात तीन पावत्या. चिवड्याची एक, पेढ्यांची एक, पिशवीची एक. त्या महिन्याचा सगळा डेटा फेकून द्यावा लागला. तुमच्याकडेही "सरासरी बिल घटलं" असं दिसतंय, त्याचं कारण शोधताना आधी हे बघा की यूपीआय आल्यापासून दहा-वीस रुपयांची किरकोळ विक्रीही बिलावर यायला लागली का. पूर्वी ती गल्ल्यात सुटी पडायची. मोठी बिलं तेवढीच राहून खाली लहान बिलांची भर पडली की सरासरी उतरते, आणि धंदा मात्र वाढलेला असतो.

पाचव्या दुकानाचं मी डेटावरून सांगणार नाही. चार दुकानांच्या आकड्यांतून पाचव्याचं भविष्य निघत नाही, चारपैकी एक तर तुम्ही आत्तापर्यंत ढोकळ्याच्या बाबतीत उपाशीच ठेवलंय. जागा पाहून ठेवलीय म्हणता ना? मग तिथे एक मंगळवार आणि एक रविवार, सकाळी आठ ते रात्री नऊ, माणूस बसवा. दर तासाला किती लोक पायी गेले, किती गाडी लावून थांबले, किती जणांच्या हातात खाण्याची पिशवी होती, एवढं लिहू द्या. तेच आपल्या मिरजेच्या दुकानासमोर करा. मिरजेत किती पायी माणसांमागे एक बिल होतं ते त्यातून कळेल, त्यावरून नव्या जागेचा ओबडधोबड आकडा निघेल. भाड्याचा करार करताना अकरा महिन्यांनी बाहेर पडता येईल असं कलम मिळत असेल तर थोडं जास्त भाडं द्यायलाही माझी हरकत नाही.

पुतण्याला नाराज करू नका, त्याने मेहनत घेतलीय. फक्त त्या डॅशबोर्डवरचे सदतीस तक्ते झाकून सध्या तीनच ठेवायला सांगा : प्रत्येक पदार्थाचं शेवटचं बिल किती वाजता, रात्री काट्यावर किती उरलं, आणि वडिलांचा आकडा व गणिताचा आकडा यातली चूक. यंत्राचं कोटेशन आलेलं असेल तर त्याची मुदत वाढवून मागा. सहा आठवड्यांनी तासगावचा ढोकळा किती वाजता संपतोय ते कळवा, मग पुढचं बोलू.